आत्मप्रतिरक्षाजन्य अवटू-विकार

शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच अवटू ग्रंथीवर (थायरॉईडवर) उलटल्याने होणारे विकार. हाशिमोटो अवटुशोथात ग्रंथीचा हळूहळू नाश होऊन संप्रेरक कमी पडते; ग्रेव्ह्ज विकारात प्रतिपिंड (प्रतिरक्षा यंत्रणेची प्रथिने, अँटिबॉडी) ग्रंथीला सतत चेतवतात व संप्रेरक जादा होते. दोन्ही स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतात.

ग्रेव्ह्ज विकाराच्या पहिल्या वर्णनाबद्दल मतभेद आहेत. रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांचे वर्णन १८३५ चे, कार्ल फॉन बासेडो यांचे १८४०चे. जर्मन ग्रंथांत बासेडो यांचेच नाव रूढ आहे. मात्र केलेब पॅरी यांची टिपणे मरणोत्तर १८२५ मध्ये छापली गेली व त्यांतील पहिली रुग्ण १७८६ मधली आहे. कालक्रम पाहता मान पॅरी यांच्याकडे जातो. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये चार रुग्णांच्या ग्रंथींत लसीका कोशिकांची (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची) दाटी नोंदवली; पुढे बराच काळ ती रीडेल अवटुशोथाची (ग्रंथी तंतुमय व कठीण करणाऱ्या विकाराची) आरंभावस्था समजली गेली. प्रतिपिंडांचा पुरावा १९५६ मध्ये मिळाला.

मराठवाड्यात गळ्याची सूज म्हणजे आयोडीनच्या कमतरतेचा गलगंड, हीच समजूत जुनी. खाण्यासाठी बिनआयोडीन मीठ विकण्यावरील बंदी २००० मध्ये उठली व २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. आता हाशिमोटोचे रुग्ण अधिक दिसतात, त्याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. आयोडीन वाढल्यावर आनुवंशिक कल असलेल्यांत हाशिमोटो बळावतो, असे एक मत. डेन्मार्कमध्ये २००० च्या सुमारास मीठ आयोडीनयुक्त केल्यावर अवटू-न्यूनता (संप्रेरकाची कमतरता) काहीशी वाढली, हा त्याला आधार. दुसऱ्या मते टीएसएच (अवटू-चेतक संप्रेरक) या रक्तघटकाची तपासणी तालुक्यापर्यंत पोहोचल्याने लपलेले रुग्ण दिसू लागले. मराठवाड्यापुरते हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. आयोडीनअभावाचे गर्भावरील परिणाम पाहता आयोडीनयुक्त मीठ सोडण्याचे कारण नाही.

बीडकडे हिवाळ्यात खाल्ल्या जाणाऱ्या बाजरीतील फ्लॅव्होनॉइडे संप्रेरकनिर्मितीत अडथळा आणतात, असे प्रयोगांत दिसले आहे. त्याचा संबंध गलगंडाशी, आत्मप्रतिरक्षेशी नव्हे. भाकरी सोडायला सांगणे उगाचच.

संलग्न विकारांत पहिल्या प्रकारचा मधुमेह, कोड, मारक पांडुरोग (ब-१२ जीवनसत्त्व न शोषल्याने होणारा) व सीलिअॅक विकार (गव्हातील ग्लुटेन प्रथिनामुळे आतड्याला होणारी इजा) येतात. सीलिअॅकमध्ये गहू वर्ज्य असतो, ज्वारी चालते.

न्यूनतेत लेव्होथायरॉक्सिन (अवटू संप्रेरकाची गोळी) सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घेतात. गरोदरपणी मिळणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांनी त्याचे शोषण घटते, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर राखतात.