महसुली तूट आणि राजकोषीय तूट: सरकारने कर्ज नेमकं कशासाठी काढलं?

अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर खाली पट्टी धावते: ‘तूट 4.4 टक्के’. कोणती तूट, ते पट्टीत मावत नाही आणि संध्याकाळच्या चर्चेतही क्वचितच कुणी सांगतं. ती असते राजकोषीय तूट. तिच्या पोटातच बहुतेकदा महसुली तूटही असते, पण दोघींचा अर्थ फार वेगळा.

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पातले अंदाज घेऊ. एकूण खर्च 50.65 लाख कोटी रुपये. कर, लाभांश वगैरे महसुली जमा 34.20 लाख कोटी. शेअर विकून आणि दिलेली कर्जं वसूल करून आणखी 76 हजार कोटी. उरलेलं 15.69 लाख कोटींचं खिंडार कर्जानेच भरायचं. ही राजकोषीय तूट, म्हणजे त्या वर्षाची कर्जाची गरज.

महसुली तुटीत रस्ते, रेल्वे, यंत्रसामग्रीवरचा भांडवली खर्च धरतच नाहीत. पगार, पेन्शन, अनुदानं, व्याज असा चालू, म्हणजेच महसुली खर्च 39.44 लाख कोटी, त्यातून महसुली जमा वजा केली की 5.24 लाख कोटी उरतात. म्हणजे काढलेल्या कर्जातला साधारण तिसरा हिस्सा घर चालवण्यातच जाणार. आपल्याकडे ‘ऋण काढून सण’ म्हणतात तो हा हिस्सा. बाकीच्या कर्जातून निदान काहीतरी उभं राहतं.

म्हणून मी आधी हे प्रमाण बघतो, टक्केवारी नंतर. कोविडच्या 2020-21 मध्ये राजकोषीय तूट जीडीपीच्या 9.2 टक्के होती, त्यातली 7.3 टक्के महसुली. आकडा मोठा होताच, पण कर्जाचा जवळपास चार पंचमांश भाग चालू खर्चात जिरला, हे जास्त बोलकं. महाराष्ट्राचा 2025-26 चा अंदाज बघा: राजकोषीय तूट 1,36,235 कोटी, महसुली 45,891 कोटी. इथेही तिसरा हिस्साच. लाडकी बहीण योजनेचे हप्ते महसुली खर्चात मोडतात, हे ओघाने आलं.

पण महसुली तूट म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असंही समजू नये. 2025-26 च्या अंदाजात केंद्राचं व्याजच 12.76 लाख कोटी होतं, महसुली तुटीच्या दुपटीहून जास्त. जुन्या सरकारांनी काढलेल्या कर्जाचा भार आजच्या खात्यावर पडतो. शिवाय राज्यांना घरकुलांसाठी किंवा ग्रामीण रस्त्यांसाठी दिलेलं अनुदान केंद्राच्या हिशेबात महसुली खर्चच ठरतं, कारण ती मालमत्ता केंद्राची नसते. गावात पक्कं घर उभं राहतं, दिल्लीच्या वहीत मात्र तो चालू खर्च! ही अनुदानं वगळून ‘प्रभावी महसुली तूट’ काढतात; 2025-26 साठी ती जीडीपीच्या 1.5 टक्क्यांवरून 0.3 टक्क्यांवर येते.

2003 च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यात दोन्ही तुटींना वेसण होती: महसुली तूट संपवायची, राजकोषीय 3 टक्क्यांवर आणायची. 2018 च्या दुरुस्तीत महसुली तुटीचं लक्ष्य काढून टाकलं आणि त्याऐवजी एकूण कर्जाची मर्यादा आणली. माझ्या मते ती चूक होती. तेव्हापासून अर्थमंत्र्यांच्या भाषणात गाजतो तो राजकोषीय आकडाच. दुसरा शोधायचा तर ‘बजेट ॲट अ ग्लान्स’ या पुस्तिकेतल्या पहिल्याच तक्त्यात खाली बघा, दोन्ही तुटी शेजारीशेजारी असतात.