एका तंबूत तीन रिंगणं

१७९३ साली अमेरिकेत, फिलाडेल्फियात, ब्रिटनहून आलेल्या एका घोडेस्वाराने सर्कशीचा खेळ लावला आणि राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन तो पाहून गेले, इथपर्यंतचं बहुतेकांनी वाचलेलं असतं. १८२५ च्या सुमारास खेळ कॅनव्हासच्या तंबूत गेला. खरा घोळ मात्र १८७२ नंतरचा, मोठी सर्कस रेल्वेत चढल्यावरचा.

घोडागाड्यांचा तांडा रात्रीत जेमतेम दहा-पंधरा मैल सरकायचा, त्यामुळे वाटेतलं फुटकळ गावही घ्यावं लागे. रेल्वेमुळे थेट शहरं गाठता आली. गर्दी वाढली, तंबू लांबला. पण रिंगण कसं लांबवणार? त्याचा ४२ फुटांचा व्यास धावत्या घोड्यावर उभ्या राहणाऱ्या स्वाराच्या तोलावरून ठरलेला. टोकाला बसणाऱ्याला काही दिसेना, म्हणून दुसरं रिंगण आलं. १८८१ मध्ये दोन बड्या कंपन्या एक झाल्या आणि तिसरंही आलं.

एका तिकिटात तिप्पट, असा हा व्यवहार. इकडे पाहावं तर तिकडचं हुकतं, ही कुरकुर तेव्हापासूनची. माझ्या मते यात सगळ्यात जास्त मार खाल्ला तो विदूषकाने. तोवरचा विदूषक बोलायचा, गायचा, पुढाऱ्यांची टर उडवायचा, प्रेक्षकांशी सवालजवाब करायचा. जवळपास आपला सोंगाड्याच. नव्या तंबूत त्याचा आवाज पोचेना. तो मुका झाला आणि तोंडावरचा रंग वाढला.

पडद्यामागे वेगळंच राज्य. पहाटे गाडी लागली की आधी भटारखाना उभा राही. त्यावर झेंडा चढला की जेवण तयार. आत मधोमध कनात, एका बाजूला कलाकारांची पंगत, दुसऱ्या बाजूला मजुरांची. बाहेर एकेका मेखेभोवती सहा-सात जण गोल करून आळीपाळीने घण घालत, न थांबता. अंगधुणीला माणशी दोन बादल्या पाणी. आणि तासा-दोन तासांत हीच सर्कस सोनेरी रथ, हत्ती आणि शेवटी वाफेवर वाजणारं कॅलायपी नावाचं वाद्य घेऊन गावातून मिरवत निघे.

१९२० च्या दशकात रस्ते मोटारींनी भरले आणि मोठ्या कंपन्यांच्या मिरवणुका बंद पडल्या. १६ जुलै १९५६ ला पिट्सबर्गमध्ये सर्वांत मोठ्या कंपनीने तंबू कायमचा उतरवला. पुढचे खेळ पक्क्या छताखाली. मेखा गेल्या, घण गेले. तीन रिंगणं तेवढी तिथेही बरीच वर्षं राहिली.