पट्टी (गायन)

गाणारा आपल्या गळ्याला मानवणारा जो स्वर षड्ज (सा) म्हणून धरतो, त्याच्या उंचीला पट्टी म्हणतात. हिंदुस्थानी संगीतात षड्जाची कंप्रता (सेकंदाला होणारी कंपने) ठरलेली नाही. तो गळ्यागणिक बदलतो आणि पेटीच्या पट्ट्यांवरून ओळखला जातो: काळी एक, पांढरी चार, काळी पाच. पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या. पांढरी सहा ४४० हर्ट्झला मिळवलेली असेल, तर पुरुषाचा काळी एकचा षड्ज सेकंदाला सुमारे १३८.६ कंपनांचा आणि स्त्रीचा काळी चारचा सुमारे २०७.७ कंपनांचा होतो. म्हणजे त्याचा पंचम (प) तोच तिचा षड्ज. पंडित जसराज यांची जसरंगी जुगलबंदी अशाच षड्ज-मध्यम, षड्ज-पंचम नात्यावर उभी आहे. तीत गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग गातात आणि गळा कोणालाच ताणावा लागत नाही.

आवाजाची उंची स्वरतंतूंत ठरते. फुप्फुसातल्या हवेने त्यांची उघडमीट होते. तंतू लांब आणि जाड असले की ती सावकाश होते, ताणले की जलद. वयात येताना मुलग्यांचे स्वरतंतू झपाट्याने वाढतात आणि आवाज जवळजवळ सप्तकभर उतरतो. त्या काळात गुरूने जुन्या पट्टीचा आग्रह धरू नये.

कानातल्या शंखासारख्या कर्णावर्तात एक लांबट पडदा असतो. तार म्हणजे उंच स्वरांनी त्याचे कर्णावर्ताच्या तोंडाकडचे टोक हलते, खालच्या स्वरांनी आतले. या शोधासाठी गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण पडद्यावरच्या जागेने सगळा उलगडा होत नाही. मोबाइलवर तानपुरा लावून पाहावा. काळी एकच्या खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जाची, कंप्रता ६९.३ हर्ट्झ, इतका खालचा स्वर तो इवलासा स्पीकर जवळजवळ काढतच नाही. तरीही खर्ज ऐकू येतो. त्याचे १३८.६, २०७.९, २७७.२ हे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे स्वर, कानापर्यंत पोचतात आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू हरवलेला मूळ स्वर भरून काढतो.

तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार (ग), म्हणजे स्वयंभू गंधार, मात्र खरोखर हवेत असतो. एकही तार गंधारात लावलेली नसते, पण खर्जाच्या पाचपट, म्हणजे ३४६.५ हर्ट्झचा उपस्वर जवारी (तारांखाली घोडीवर दोरा सरकवून साधलेला झंकार) नीट लागली की स्वच्छ निघतो. बारा समान अंतरांनी मिळवलेल्या पेटीवर हाच गंधार सुमारे ३४९.२ वर, किंचित चढा असतो. म्हणून केवळ पेटीवर घडलेल्या गळ्याचा गंधार तानपुऱ्यापाशी खटकतो.