कुपी न फोडता

गोटी सोड्याची बंद बाटली उजेडासमोर धरली तर पाण्यात बुडबुडे दिसत नाहीत. गोटी दाबली की मात्र पाणी फसफसून वर येतं. ग्लासात ओततो तोवर विरघळलेला वायू निसटायला लागलेला असतो. बाटलीत होतं ते पाणी हे नव्हेच.

पृथ्वीच्या पोटातलं पाणी अभ्यासणाऱ्यांची नेमकी हीच पंचाईत होते. खडकाची पूड आणि पाणी सोन्याच्या बारीक नळीत भरून तोंडं वेल्डिंगने बंद करतात आणि ती कुपी, समजा, ७०० अंश सेल्सियस आणि ५,००० वातावरणांच्या दाबात काही दिवस ठेवतात. सोनं मऊ, त्यामुळे बाहेरचा दाब आत पोचतो. पण त्यातून आतलं दिसत नाही. तिथलं पाणी ना द्रव ना वायू, नुसतं द्रायू, आणि त्यात खडकातली सिलिकाही (वाळूचा मुख्य घटक) विरघळते. कुपी निवली की सिलिका साका होऊन बसते, टोचली की वायू पळतात.

१९८४मध्ये स्टर्नर आणि बोडनार या संशोधकांनी यावर झकास युक्ती मांडली. क्वार्ट्झचा, म्हणजे सिलिकेच्याच स्फटिकाचा, तुकडा तापवून गार पाण्यात टाकायचा. त्याला बारीक भेगा पडतात. तो कुपीत घातला की द्रायू भेगांत शिरतो आणि त्यातलीच सिलिका भेगा सांधते. मागे उरतात केसाहून बारीक, सीलबंद थेंब. मग सोन्याची कुपी खुशाल फाडा!

थेंबात काय आहे हे सांगतो रामन परिणाम, १९२८मध्ये कोलकात्यात सापडलेला. रेणूंवरून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग त्यांच्या बंधांच्या कंपनांनुसार बदलतो; हा बदल वर्णपटात रेषांच्या रूपात दिसतो आणि ‘प्रति सेंटिमीटर’मध्ये मोजतात. पारदर्शक क्वार्ट्झमधून लेझर सोडला की कार्बन डायऑक्साइडच्या दोन रेषा दिसतात, प्रति सेंटिमीटर १२८५ आणि १३८८च्या आसपास. वायू विरळ असेल तर त्यांच्यातलं अंतर १०२.७च्या जवळ, दाट असेल तर १०५पर्यंत. म्हणजे घनताही कळली.

मिठापुढे मात्र रामन गप्प. सुट्या सोडियम, क्लोराइड आयनांत कंप पावायला बंधच नसतो. मग थेंब गोठवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बर्फाचा शेवटचा कण कधी वितळतो ते पाहायचं. उणे १० अंशांना वितळला तर मीठ सुमारे १४ टक्के. मला या साध्या युक्तीचंच जास्त कौतुक वाटतं.

द्रायू तापलेला असतानाच बघायचा तर दोन हिऱ्यांच्या चिमटीत धरतात. हिरा पारदर्शक खरा, पण त्याची स्वतःची रामन रेषा १३३२ला, जवळपास कार्बन डायऑक्साइडच्या दोन रेषांच्या मधोमध!