पीडिता की आरोपी? ‘पीटा’च्या कलमांमागचा इतिहास

देहव्यापारासाठी होणारी तस्करी रोखायला भारताने १९५६ मध्ये कायदा केला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर तो ‘पीटा’, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, म्हणून ओळखला जातो. या एकाच कायद्यात बाईपुढे दोन वाटा आहेत. कलम १६ खाली तिची सुटका होते. कलम ८ खाली, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल, तीच आरोपी ठरते. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालकिणीने जबरदस्तीने दारात उभी केलेली मुलगीही यात सापडते. गुन्हा कबूल करून दंड भरला की प्रकरण मिटतं. तिला इथवर कोणी आणलं, हा प्रश्न मग कोर्टापुढे येतच नाही.

सुटका झालेलीही लगेच मोकळी होत नाही. कलम १७ प्रमाणे चौकशीनंतर दंडाधिकारी तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतात. फेब्रुवारी १९९६ च्या मुंबईतल्या छाप्यांत चारशेहून अधिक मुली सोडवल्या, त्यांत नेपाळी मुली पुष्कळ होत्या आणि कित्येकींचे पुढचे महिने सरकारी गृहांतच गेले.

खरं वळण आलं २००२ मध्ये. ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं: पहिल्यांदा हजर करतानाच वय तपासा, अठराच्या आतली मुलगी दंडाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येत नाही, आणि कुंटणखानेवाल्यांचा वकील त्याच खटल्यात मुलीतर्फे उभा राहू शकत नाही. हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा, कारण मुलीला सोडवायला येणारा वकील बहुधा मालकिणीनेच धाडलेला असे.

परदेशी पीडितांवर पासपोर्ट-व्हिसा नसल्याचा गुन्हा लागे. केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०१२ मध्ये राज्यांना कळवलं, की तपासात ती पीडित ठरली तर तिच्यावर आरोपपत्र नको. दाखल झालं असेल तर खटला मागे घ्यावा. पण ही सूचना होती, कायदा नव्हे.

पीडितेकडून जबरदस्तीने करवून घेतलेल्या गुन्ह्याबद्दल तिला शिक्षेपासून संरक्षण देण्यासाठी युरोप परिषदेच्या २००५ च्या तस्करीविरोधी करारात अनुच्छेद २६ आहे, ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यात कलम ४५. आपलं २०१८ चं मानवी तस्करीविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर होऊनही बारगळलं. त्यातलं संरक्षणही उफराटंच होतं: दहा वर्षं वा त्याहून कडक शिक्षेच्या गुन्ह्यांना लागू, किरकोळ गुन्ह्यांना नाही. पीडितांवर लागतात ते मात्र बहुतेक किरकोळच.

२०२० मध्ये उच्च न्यायालयाने तीन सज्ञान तरुणींना संरक्षणगृहातून मुक्त केलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छाप्यात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना अटक वा दंड करू नये असं सांगितलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये तस्करी ठरवताना पीडितेची संमती गैरलागू आहे. तिच्याकडून करवून घेतलेल्या गुन्ह्याबद्दल तिथे अक्षर नाही. उरतो त्याच संहितेच्या कलम ३२ चा, धमकीमुळे गुन्हा केल्याचा बचाव, आणि तो फक्त तत्काळ मृत्यूच्या भीतीपुरता. कर्ज, मारहाण, गावी बदनामी करण्याची धमकी त्यात बसत नाही.