गाड्यांविना सायकल: फ्रान्सच्या खेड्यांतले खडीचे मार्ग

सायकल आवडते, पण हायवेवर ट्रक घासून जातात म्हणून ती गॅलरीत उभी आहे, असे सांगणारे ग्राहक आमच्याकडे नेहमी येतात. हे माहितीपत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. फ्रान्सच्या ग्रामीण भागात असे मार्ग आहेत की दिवसभर सायकल चालवली तरी मागून हॉर्न ऐकू येत नाही. तिथे सायकली, चालणारी माणसे, जागोजागी घोडेस्वार आणि अंगणातून बाहेर आलेली कुत्री एवढीच वर्दळ असते. आम्ही सहली आखतो त्या याच मार्गांवर. कोणता मार्ग कोणाला झेपेल आणि कोणाला आवडेल, हे बुकिंगच्या आधीच नीट समजावे म्हणून जरा सविस्तर लिहिले आहे.

सगळ्यात आधी पाट्यांबद्दल. फ्रान्समध्ये 'व्हुआ व्हेर्त' म्हणून घोषित केलेल्या मार्गावर मोटारवाहनांना कायद्यानेच बंदी असते. २००४ साली ही तरतूद तिथल्या वाहतूक नियमांत आली. 'वेलोरूत' हा प्रकार वेगळा आहे. तो सायकलींसाठी पाट्या लावलेला लांब पल्ल्याचा मार्ग असतो आणि त्यात मधले काही तुकडे गावच्या साध्या रस्त्यांवरून जातात. नकाशावर दोन्ही रेघा सारख्याच दिसतात आणि स्वतः आखणी करणाऱ्यांची फसगत तिथेच होते. पूर्ण वाहनमुक्त हवे असेल तर आम्हाला तसे स्पष्ट सांगा. मग मार्ग थोडा आखूड निघाला तरी चालेल, पण मध्ये रस्ता येणार नाही.

हे मार्ग आले कुठून? बहुतेक ठिकाणी ते बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ उखडून किंवा कालव्याकाठच्या वाटेवर तयार झाले. या कालव्यांवर पूर्वी घोडे काठाने चालत आणि दोराने नावा ओढत, ती ही वाट. सायकलस्वाराला त्याचा मोठा फायदा मिळतो. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे जुन्या रेल्वेमार्गावर शंभर मीटरला दोन-तीन मीटरपेक्षा जास्त चढ सहसा लागत नाही. कालव्याची वाट तर सपाटच. चढ येतो तो फक्त जलपाशाजवळ, म्हणजे नावा वर-खाली नेण्यासाठी दारे लावून पाण्याची पातळी बदलतात तिथे, आणि तोही चार पॅडलांचा.

पृष्ठभाग मात्र डांबरी असेलच असे नाही, आणि आम्हाला व्यक्तिशः डांबरी नसलेलाच आवडतो. बारीक चुरा केलेली खडी पसरून, पाणी मारून, वर रोलर फिरवलेला असतो. आपल्याकडचा चांगला दाबलेला मुरमाचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. कोरड्यात सायकल त्यावरून अलगद जाते, फक्त टायरखाली बारीक करकर ऐकू येते. पावसात त्याच खडीची राड होते, ती साखळीत आणि ब्रेकमध्ये जाऊन बसते, आणि संध्याकाळी मुक्कामावर पाण्याने धुवून साखळीला तेल दिले नाही तर दुसऱ्या दिवशी गिअर कुरकुरतात. म्हणून आमच्या प्रत्येक सायकलीबरोबर तेलाची छोटी बाटली आणि फडके देतो. कृपया वापरा.

पासा पाईस: पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही हाच सुचवतो

दक्षिण फ्रान्समध्ये ओ-लांगदोक डोंगराळ भागात माझामे ते बेदारिये असा हा सुमारे ८० किलोमीटरचा जुना रेल्वेमार्ग आहे. दोन्ही टोकांना आजही रेल्वे स्थानक चालू आहे: माझामेला तुलूझहून गाडी येते, आणि बेदारियेहून बेझिएला उतरता येते. म्हणजे सायकल घेऊन लोकल गाडीने जायचे, एका टोकाने सुरू करून दुसऱ्या टोकाला गाडी पकडायची. परतीचा प्रश्नच नाही.

माझामे हे एके काळी मेंढ्यांच्या कातड्यांवरची लोकर काढण्याच्या धंद्यावर उभे राहिलेले गाव. तिथून वाट तोरे नदीच्या खोऱ्यातून हळूहळू चढत जाते. चढ इतका मंद की तो डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना मात्र तासाभराने कळतो. कूर्नियूच्या अलीकडे पाऊण किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. बाहेर कितीही ऊन असो, आत शिरताच अंगावर काटा येईल इतका गारवा असतो. जाकीट पिशवीच्या तळाशी ठेवू नका आणि पुढचा दिवा चालू करूनच आत जा. हा बोगदा पाणलोटाच्या माथ्यावर आहे: तुम्ही आत शिरता त्या बाजूचे पाणी शेवटी अटलांटिकला जाते, बाहेर पडता त्या बाजूचे भूमध्य समुद्राला. बोगद्यानंतर झाडेही बदलू लागतात. ओलसर गर्द रान मागे पडते आणि पुढे चेरीच्या बागा, चेस्टनट, द्राक्षमळे सुरू होतात.

इथून पुढे बराचसा उतार आहे. सें-पाँ गावातच झऱ्यातून उगवणारी जोर नदी सोबतीला येते. ओलार्गला पोहोचलात की सायकल लावा आणि वरच्या जुन्या गावात पायी चढा. टेकडीवरचा घंटामनोरा आणि नदीवरचा मध्ययुगीन कमानी पूल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पुढे कारू डोंगराचे कडे डाव्या हाताला येतात. ताकद असेल त्यांनी एरिकच्या घळीत पायी फेरी मारावी. मग गरम पाण्याच्या झऱ्यांचे लामालू, आणि शेवटी बेदारिये.

धडधाकट माणूस हे सगळे एका दिवसात उरकू शकतो. आम्ही मात्र तीन दिवसांचीच आखणी देतो.

कनाल द्यु मिदी: नावाजलेला, पण सोपा नव्हे

१६६६ ते १६८१ या काळात पिएर-पॉल रिके यांनी खोदवून घेतलेला हा २४० किलोमीटरचा कालवा तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या 'तो' नावाच्या सरोवरापर्यंत जातो. काम पूर्ण होण्याच्या काही महिने आधी, १६८० मध्ये, रिके वारले. १९९६ पासून हा कालवा युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे सगळ्यांना आधी हाच हवा असतो. खरी परिस्थिती अशी: तुलूझपासून पहिले सुमारे ५० किलोमीटर गुळगुळीत डांबरी आहेत. त्यानंतर खडी, माती आणि झाडांची मुळे सुरू होतात. अलीकडे काही टप्पे दाबून चांगले केले आहेत, पण सगळे नाहीत. वाट जागोजागी हातभर रुंद होते आणि एका बाजूला थेट पाणी असते. लहान मुले बरोबर असतील तर तुलूझ ते नोरूझ एवढाच भाग घ्या.

काठावरची प्लेनची झाडे, म्हणजे आपल्या काश्मिरी चिनारच्या कुळातली, बुरशीच्या रोगाने मरत आहेत. २००६ मध्ये हा रोग इथे आढळला आणि तेव्हापासून हजारो झाडे तोडावी लागली. नवी लावली आहेत, पण सावली यायला वर्षे लागतील. जुने फोटो पाहून गर्द सावलीच्या भरवशावर जुलैमध्ये जाऊ नका.

वाऱ्याचेही भान हवे. कार्कासोनच्या बाजूला वायव्येकडून 'सेर्स' वारा जोरात वाहतो, म्हणून आम्ही नेहमी समुद्राच्या दिशेने पाठवतो. तो पाठीशी असला की बेझिएजवळच्या फोंसरानच्या आठ कोठ्यांच्या जलपाश-पायऱ्यांपर्यंत माणूस हसत पोहोचतो.

उत्तरेकडचे दोन

मायेन नदीकाठची वाट कुटुंबांसाठी उत्तम आहे: सपाट, रुंद, दाबलेली, आणि मध्ये लाव्हालसारखे मोठे गाव. नांत-ब्रेस्त कालवा ३६४ किलोमीटरचा आहे. इंग्रजांनी ब्रेस्त बंदराची नाकेबंदी केली तेव्हा आतल्या मार्गाने रसद पोहोचवता यावी, म्हणून नेपोलियनच्या काळात त्याची आखणी झाली. ग्लोमेलजवळचा खोल खंदक ब्रेस्तच्या कैद्यांकडून खणून घेतला होता. त्या शांत, शेवाळलेल्या भागातून जाताना हे आठवावे असे आम्हाला वाटते.

पुणे, मुंबई, नाशिकचे आमचे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणारे मित्र पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या अशाच फेरीमुळे ब्रेस्तचा प्रांत ब्रिटनी ओळखतात. ते रोज १२० किलोमीटरची मागणी करतात. खडीवर वेग डांबरीपेक्षा सहज पाचवा हिस्सा कमी होतो आणि हातांना हादरे बसतात. दिवसाला जास्तीत जास्त ४० ते ५५ किलोमीटर हा आमचा सल्ला सर्वांना सारखाच आहे.

सायकल आणि चालवणे

२५ मिलिमीटरच्या रोडबाइकवर जाऊ नका. आम्ही ४० मिलिमीटर टायरच्या ग्रॅव्हल किंवा हायब्रीड सायकली ठरवतो. हवा ४० पीएसआयच्या आसपास ठेवावी, वजन जास्त असेल तर थोडी वाढवावी. वळणावर पुढचा ब्रेक दाबू नका. वेग वळणाच्या आधीच कमी करा. वाट जिथे गावचा रस्ता ओलांडते तिथे गाड्या आत येऊ नयेत म्हणून लाकडी अडसर असतात आणि बहुतेक ठिकाणी थांबायचे आपणच असते. पिशव्या लावलेली सायकल त्या फटीत अडकते, त्यामुळे उतरून ढकला. १२ वर्षांखालील मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे. आमच्या सहलीत ते सगळ्यांनाच आहे.

खाणे, पाणी, दिवस

खेड्यांतली दुकाने दुपारी बंद असतात, रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळ ठिकाणी सोमवारीही. दुपारचे जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर चूल थंड. सकाळी बेकरीतून पाव आणि चीज घेऊन ठेवा. पाणी संपले तर गावाची दफनभूमी शोधा. फुलझाडांसाठी तिथे बहुधा नळ असतो आणि फ्रेंच सायकलस्वारही तिथेच बाटल्या भरतात. 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.

शाकाहारी मंडळींनी बुकिंगच्या वेळीच सांगावे, म्हणजे आम्ही मुक्कामाच्या घरी आधी कळवतो. कास्तेलनोदारीचे प्रसिद्ध कासूले पांढऱ्या घेवड्याचे असले तरी त्यात बदकाचे आणि डुकराचे मांस असते. ब्रिटनीत कुट्टूच्या पिठाचे गालेत, म्हणजे तिथली धिरडी, चीज-मश्रूम घालून सहज मिळतात.

मे, जून आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हे आमचे दिवस. त्यानंतर लांगदोकच्या डोंगरांत अचानक ढगफुटीसारखा पाऊस होतो, म्हणून पासा पाईसची नोंदणी आम्ही तेव्हा घेत नाही.

नोंदणी करताना प्रत्येकाची उंची आणि पायाची आतली लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा, कारण फ्रेमचा आकार त्यावरून ठरतो. ई-बाइक हवी असल्यास तेव्हाच सांगा. ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करणारी पॅडल-असिस्ट सायकल या मार्गांवर चालते. स्वतःचे सीट किंवा पॅडल आणणार असाल तर तेही लिहा, तिथला मेकॅनिक पहिल्या सकाळी बसवून देतो.