ब्लॉक आणा, नुसता रिपोर्ट नको
(तोंडाच्या कॅन्सरचे मार्कर तपासायला येणाऱ्या नातेवाइकांसाठी)

उदगीर-निलंग्याहून पहाटेची एसटी धरून माणसं लातुरात आमच्या लॅबमध्ये येतात, काउंटरवर बायोप्सीचा रिपोर्ट ठेवतात आणि म्हणतात, "मार्कर सांगितलेत, करून टाका." (मार्कर म्हणजे कॅन्सरच्या पेशींतली ठरावीक प्रथिनं.) ब्लॉक कुठंय विचारलं, की तो ऑपरेशन झालं तिथंच राहिलेला असतो. दिवस वाया, तिकीट वाया.

ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा छोटा ठोकळा. त्यातून ३-४ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याएवढा पापुद्रा कापून नव्या काचेवर घेतात आणि त्यावर मार्करचं औषध सोडतात. तुम्ही आणता त्या गुलाबी-जांभळ्या काचा आधीच रंगवलेल्या असतात. त्या बघायला उपयोगी, म्हणून त्याही आणा; पण नवी तपासणी त्यांच्यावर होत नाही. ब्लॉक दवाखान्यात अर्ज देऊन, सही करून मिळतो. मागायला संकोच करू नका, तुकडा तुमच्याच माणसाचा आहे.

आणि उन्हात ठेवू नका! हे मेण साधारण ६० अंशाला वितळतं. मागच्या मे महिन्यात एकांनी ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला. पोचेपर्यंत मेण पिशवीला चिकटलं होतं. तुकडा वाचला, पण तो पुन्हा मेणात बसवण्यात दोन दिवस गेले. डब्यात घालून सावलीत आणा, एवढं पुरे. बर्फ नको.

आता रोजचा प्रश्न: "यावरून अण्णा किती वर्षं काढतील ते कळेल का?" नाही. केआय-६७ या मार्करवरून पेशी किती जोरात वाढताहेत याचा अंदाज येतो. पी५३, ईजीएफआर या मार्करांवर अभ्यास पुष्कळ झालेत. पण एका प्रथिनावरून आयुष्याचा आकडा काढणारी लॅब तुम्हाला भेटली, तर पाकीट खिशातच ठेवा. गाठ किती मिलिमीटर खोल गेली, मानेतल्या लसीका ग्रंथींत उतरली का, त्यांचं कवच फोडून बाहेर आली का, कापलेल्या कडा साफ आहेत का, यांवर डॉक्टर जास्त भिस्त ठेवतात. ते तुमच्या ऑपरेशनच्या रिपोर्टमध्येच असतं.

पी१६ म्हणजे कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे झालाय का, याचा इशारा देणारा मार्कर. त्याचं महत्त्व टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यानं होतो तो बहुधा गालाचा नाहीतर हिरडीचा. तिथं पी१६ चा तसा अर्थ लागत नाही. म्हणून चिठ्ठीत ते दिसलं, की आम्ही आधी डॉक्टरांना फोन करतो. काहींना हा उशीर वाटतो. नको त्या तपासणीचे पैसे वाचतात, हेही बघा. पीडी-एल१ या मार्करचं वेगळं: आजार उलटला किंवा पसरला असेल, तर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) ठरवताना ते लागतं.

ब्लॉकमध्ये पुरेशा कॅन्सरच्या पेशी आहेत का ते आम्ही आधी बघतो, मगच पावती फाडतो. काम झालं की ब्लॉक सहीनिशी परत. जपून ठेवा, पुढं लागतो. शनिवारी दुपारनंतर आलेला ब्लॉक सोमवारी कापला जातो, त्या हिशेबानं निघा.